ओला फडका की पटाशी? एका प्रतिक्रियेला उत्तर

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. गिटार बनवताना लाकडाच्या सांध्यातून बाहेर आलेला गोंद अर्धवट आळू द्यावा आणि मग पटाशीने उचलावा, हा माझा सल्ला आपल्याला पटलेला नाही. ओल्या फडक्याने लगेच पुसता येत असताना वाट कशाला पाहायची, आणि मुळात गोंदच बेताने लावला तर तो बाहेर येईलच कशाला, असे आपण विचारले आहे.

आधी दुसरा प्रश्न घेतो. क्लॅम्प आवळल्यावर सांध्याच्या कडेने बारीक मण्यांची अखंड ओळ उमटली, की गोंद सगळीकडे पोहोचल्याची खूण मिळते. स्टीलच्या तारांच्या गिटारवर एकूण ताण साधारण ७० किलोंच्या घरात असतो. अशा वाद्यात ब्रेसच्या, म्हणजे फळीला आतून बळकटी देणाऱ्या दांडीच्या, टोकाशी मणी दिसले नाहीत, तर गोंद कमी पडून तो सांधा उपाशी राहिल्याची शंका मला तरी स्वस्थ बसू देत नाही. मण्यांऐवजी ओघळ आले तर गोंद जास्त झाला, हे आपले म्हणणे मात्र मान्य.

फडक्याला माझा आक्षेप असा, की पांढरा किंवा पिवळा गोंद त्याने पूर्ण निघत नाही. तो पातळ होऊन लाकडाच्या रंध्रांत शिरतो, त्या वेळी डोळ्यांना काहीच दिसत नाही आणि पॉलिशचा पहिला हात फिरला की फिकट डाग उमटतो. माझ्या एका गिटारच्या नेकच्या टाचेशी असा बोटभर डाग अजून आहे, आणि तो फडका माझाच होता. शिवाय पाण्याने सांध्यालगतचे लाकूड फुगते. ते पुरते वाळण्याआधीच रंधा फिरवला, तर पुढे लाकूड बसल्यावर सांध्याच्या रेषेत बारीक घळ पडते. उलट वीस-तीस मिनिटांत, हवेप्रमाणे थोडे मागेपुढे, गोंद रबरासारखा होतो. तेव्हा तो पटाशीने उचलावा, किंवा प्लॅस्टिकच्या नळीचे टोक तिरके कापून ते ब्रेसच्या कोपऱ्यातून पुढे सरकवावे. मणी गुंडाळला जात नळीत शिरतो आणि मागे लाकूड कोरडे राहते.

सरसाच्या, म्हणजे जनावरांच्या कातड्यापासून केलेल्या गोंदाच्या, बाबतीत मात्र आपण बरोबर आहात. तो गरम पाण्यात पुन्हा विरघळत असल्यामुळे, गरम पाण्यात बुडवून पिळलेल्या ब्रशने तो लगेच पुसून घेता येतो. मी सगळ्या प्रकारांना सरसकट ‘गोंद’ म्हटले, ती चूक दुरुस्त करतो.

आणि मागची फळी बसवून पेटी बंद करताना, जिथे नंतर आत हात पोहोचत नाही, तिथे मीही आपल्यासारखाच बेताने वागतो: गोंदाची रेघ पेटीच्या बाजूंना आतून लावलेल्या पट्टीच्या बाहेरच्या कडेलगत ओढतो, म्हणजे दाब पडल्यावर बहुतेक मणी बाहेरच्या बाजूला येतात.