स्नायूतला पू आणि सुईवरचा आळ

"मुलाच्या मांडीत पू झाला तर तो दवाखान्यातल्या सुईनेच. धडधाकट मुलाच्या स्नायूत पू होतच नाही. रक्ताचा रिपोर्ट चांगला असेल तर चिरू देऊ नका, शेक-मालिशने बसतं." या आशयाचा मेसेज सध्या खूप फिरतोय.

आधी सुईचं बघू. इंजेक्शनच्या जागी गळू होऊ शकतं, हे खरंच आहे. पण ते टोचलं तिथेच येतं. पायोमायोसायटिस, म्हणजे जंतूंमुळे स्नायूत होणारा पू, मुलांमध्ये बऱ्याचदा सापडतो तो कमरेच्या आणि खुब्याभोवतीच्या खोल स्नायूंत. सोआसमध्ये, म्हणजे कण्यापासून खुब्यापर्यंत जाणाऱ्या खोल स्नायूत, कोण इंजेक्शन देतं? शिवाय क्रमही पाहा ना. असं पोर आधीच लंगडत असतं, तापाने फणफणलेलं असतं, म्हणून तर भरती करतात. दुखणं आधीचं, सलाईन नंतरचं.

जंतू येतो रक्तातून. बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस ऑरियस, जो कित्येकांच्या नाकात आणि कातडीवर एरवी निमूट राहत असतो. स्नायू त्याला सहसा थारा देत नाही. 1904 साली मियाके या संशोधकांनी प्राण्यांच्या रक्तात हे जंतू सोडले, तेव्हा पू धरला तो आधी दुखावलेल्या स्नायूंतच. आता धावणारं, आपटणारं, मुका मार खाणारं मूल कोणतं? धडधाकटच की! दरवेळी मार लागल्याचं आठवतंच असं नाही, ही गोष्ट वेगळी.

रक्ताच्या रिपोर्टवर विसंबणं तर घातक. स्नायूची इजा दाखवणारं सीपीके या आजारात अनेकदा नॉर्मल येतं, रक्ताच्या कल्चरमध्येही (जंतू वाढवून बघायच्या तपासणीत) पुष्कळदा काही उगवत नाही. अंगात दाह असल्याचं दाखवणारं सीआरपी बहुधा वाढतं, पण जागा सांगत नाही. वरून कातडी लाल नसते, कारण दुखणं खोल असतं. त्यापेक्षा मूल कसं पडलंय ते बघा. सोआसला सूज असेल तर ते खुब्यात पाय दुमडून पडून राहतं आणि पाय सरळ करायला गेलं की किंचाळतं. पोटाच्या उजव्या बाजूला दुखलं तर अपेंडिक्सचाच संशय येतो. नेमकं चित्र एमआरआयमध्ये दिसतं.

"चिरू देऊ नका" यात अर्धं सत्य आहे. सुरुवातीला पू साचलेला नसतो, तेव्हा नुसत्या अँटिबायोटिकवर भागू शकतं. मात्र साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पू साठला, की त्या पोकळीत औषध नीट पोचत नाही. मग सोनोग्राफीत बघून सुईने किंवा छेद देऊन तो काढावा लागतो. तोवर शेकत बसलात तर पुढची पायरी सेप्सिसची, म्हणजे संसर्गाने अवयव निकामी होऊ लागण्याची, आणि तिथे जिवावर बेततं.

काढलेला पू कल्चरला जातो. क्लोक्सासिलिनसारखं औषध पुरेल की जंतू एमआरएसए (अशा औषधांना दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस) निघाल्याने व्हँकोमायसिन लागेल, हे त्यावरून ठरतं. मालिशवाल्याला ते कसं कळणार?