खुलासा: 'कोणताही सॅगिनॉ पंप चालतो' हे खरे नाही

जुन्या अमेरिकन गाड्यांच्या शौकिनांमध्ये एक सल्ला फिरतोय: 1960-70 च्या दशकांतल्या शेव्हरलेचा पॉवर स्टिअरिंग पंप गेला, तर तिच्या मालक कंपनीच्या, म्हणजे जनरल मोटर्सच्या, कुठल्याही गाडीचा सॅगिनॉ पंप (कंपनीच्या सॅगिनॉ विभागाने बनवलेला स्टिअरिंग पंप) काढून बसवा. कृपया असे करू नका. बाहेरून हे पंप जुळ्या भावांसारखे दिसतात, म्हणूनच फसगत होते. जुन्या पंपांच्या शाफ्टला पुली (पट्ट्याने फिरणारे चाक) पक्की धरायला चावी, म्हणजे खाचेत बसणारी छोटी पट्टी, आणि नट असतो. नंतरच्या पंपांवर पुली दाबून बसवलेली असते. ती हातोड्याने ठोकली, तर मार थेट आतल्या भागांवर बसतो. पुली बसवायचे हत्यारच वापरा. प्रेशर होजची (दाबाखालचे तेल नेणाऱ्या नळीची) जोडणी साधारण 1980 पूर्वी फ्लेअरची, म्हणजे नळीचे तोंड पसरून बसवायची होती, पुढे मेट्रिक आटे आणि ओ-रिंग (रबरी कडी) आले. जबरदस्तीने आवळलेली जोडणी गळते, आणि तापलेल्या एक्झॉस्टवर तेल पडले तर आग लागू शकते. ही भीती खरी आहे.

म्हणून जुना पंप लगेच भंगारात देऊ नका. शाफ्ट, जोडणी, ब्रॅकेटची भोके, टाकीचा आकार नव्याशी ताडून बघा.

त्याच सल्ल्यातले 'तेल नसेल तर ब्रेक ऑइल घाला' हे तर साफ चूक. त्याने पंपाची रबरी सील फुगून खराब होतात.