‘जितके दुखेल तितका गुण’ : खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या एका सल्ल्याचा प्रतिवाद

खांद्याची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांसाठी लिहिलेला एक संदेश बराच काळ एका फोनवरून दुसऱ्या फोनवर फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे आहे : स्लिंग (हात गळ्यात अडकवून ठेवणारी झोळी) जितकी लवकर काढाल तितके बरे, पहिल्या आठवड्यापासून हात डोक्यावर नेला नाही तर खांदा कायमचा जखडतो, व्यायाम करताना डोळ्यांत पाणी आलेच पाहिजे, कारण जितके दुखेल तितका गुण, वेदनाशामक गोळ्या घेतल्यास व्यायाम वाया जातो, आणि हात पूर्ण वर गेला की फिजिओथेरपी संपली. लिहिणाऱ्याचा हेतू धीर देण्याचा असावा. तरीही फाटलेल्या रोटेटर कफच्या (खांद्याच्या सांध्याभोवतीच्या स्नायूंच्या वेढ्याच्या) दुरुस्तीनंतर, म्हणजे खांद्यावर वरचेवर होणाऱ्या एका शस्त्रक्रियेनंतर, कोणी हा सल्ला अक्षरशः पाळला तर केलेली दुरुस्ती पुन्हा फाटण्याचा धोका आहे, आणि म्हणूनच त्यातील प्रत्येक दाव्याला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

पहिला दावा स्लिंगचा. खांद्याच्या पात्यापासून निघून दंडाच्या हाडाच्या गोलाला वेढणारे चार स्नायू मिळून रोटेटर कफ बनतो आणि त्यांपैकी सुप्रास्पायनेटस या स्नायूची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, सर्वाधिक वेळा फाटते. शस्त्रक्रियेत हाडामध्ये छोटे अँकर बसवून त्यांच्या धाग्यांनी ही कंडरा तिच्या मूळ जागी हाडाशी टेकवून बांधतात. धागे तिला तिथे धरून ठेवतात एवढेच. कंडरा आणि हाड यांचा जोड शरीराला स्वतःच घडवावा लागतो. सुरुवातीचे काही दिवस दाहाचे असतात, पुढचे काही आठवडे नवे पण विस्कळीत कोलॅजन (तंतू बनवणारे प्रथिन) साचत जाते, आणि बेताचा भार पेलू शकेल अशी तंतूंची पकड यायला साधारण 12 आठवडे लागतात. त्यानंतरही कित्येक महिने या तंतूंची फेररचना चालूच राहते, आणि तयार होणारा जोड व्रणऊतीचा असल्यामुळे तो मूळच्या रचनेसारखा तंतोतंत कधीच होत नाही. दुर्बिणीतून केलेल्या शस्त्रक्रियेची त्वचेवरची छिद्रे मात्र दोनेक आठवड्यांत भरून येतात, दुखणेही ओसरू लागते, आणि नेमक्या याच काळात रुग्णाला वाटते की आता स्लिंगची गरज उरलेली नाही. आतला जोड त्या वेळी अगदी कच्चा असतो.

म्हणूनच या शस्त्रक्रियेनंतर स्लिंग सहसा चार ते सहा आठवडे वापरायला सांगतात. तिच्यासोबत बगलेत छोटी उशी दिली असेल तर तीही सोयीसाठी दिलेली नसते. हात अंगापासून किंचित दूर राहिला की दुरुस्त केलेल्या कंडरेवरचा ताण कमी होतो. स्लिंग ठरवून काढणारे रुग्ण तुलनेने थोडे असतात. खरा धोका विसरण्यात असतो : पडणारी वस्तू झेलायला हात झटकन पुढे जातो, खुर्चीतून उठताना त्याच हातावर भार दिला जातो, झोपेत कूस बदलली जाते. रात्रीही स्लिंग घालून, पाठीला उंच आधार देऊन अर्धवट बसत्या स्थितीत झोपण्याचा सल्ला त्यासाठीच असतो. याचा अर्थ सगळा हात निश्चल ठेवावा असा मात्र नाही. कोपर, मनगट आणि बोटे यांच्या हालचाली बहुधा पहिल्या दिवसापासूनच सुरू करतात, कारण त्या न केल्यास कोपर आखडते आणि पंजावर सूज येते.

दुसरा दावा जखडण्याचा आहे आणि तो सर्वांत परिणामकारक आहे, कारण त्यात सत्याचा अंश आहे. शस्त्रक्रियेनंतर खांदा काही प्रमाणात आखडतोच. पण ‘हालचाल’ या एका शब्दाखाली संदेशाने दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या आहेत. दुसऱ्या व्यक्तीने, किंवा रुग्णाच्या चांगल्या हाताने, शस्त्रक्रिया झालेला हात सैल ठेवून उचलला तर दुरुस्त केलेल्या स्नायूला काम करावे लागत नाही. तोच हात रुग्णाने स्वतःच्या ताकदीने उचलला तर तो स्नायू आकसतो आणि कंडरेला थेट हाडापासून ओढतो. पहिल्या प्रकारची हालचाल ठरवून दिलेल्या मर्यादेत लवकर सुरू करता येते. दुसऱ्या प्रकारच्या हालचालीसाठी साधारणपणे सहा आठवडे थांबावे लागते, आणि फाट मोठी असेल तर त्याहूनही अधिक. कमरेत वाकून हात लोंबता सोडण्याचा पेंड्युलमचा व्यायामसुद्धा वाटतो तितका निरुपद्रवी नसतो : शरीराच्या हिंदोळ्याने हात आपोआप हलला पाहिजे, पण उत्साहाच्या भरात रुग्ण दंडाच्या जोराने मोठमोठी वर्तुळे काढू लागला की विश्रांती द्यायच्या स्नायूंनाच कामाला जुंपले जाते. पुलीच्या दोरीचेही तेच आहे. ओढायचे काम चांगल्या हाताने करायचे असते.

‘कायमचा’ या शब्दाचेही परीक्षण व्हायला हवे. हालचाल लवकर सुरू केलेल्या आणि उशिरा सुरू केलेल्या रुग्णांची तुलना अनेक चाचण्यांत झाली आहे. लवकर सुरुवात करणाऱ्यांचा हात पहिल्या काही महिन्यांत थोडा अधिक वळतो, पण वर्षाच्या अखेरीस दोन्ही गटांतला फरक जवळपास मिटतो; मोठ्या फाटींमध्ये मात्र घाईची हालचाल पुन्हा फाटण्याचा धोका वाढवते, अशी साधार शंका आहे. आखडलेला खांदा बहुतेक रुग्णांमध्ये सहा ते बारा महिन्यांत व्यायामाने मोकळा होतो. पुन्हा फाटलेली कंडरा व्यायामाने जुळत नाही, आणि दुसरी दुरुस्ती पहिलीपेक्षा अवघड असते. हे दोन धोके समान मानून निर्णय घेणे मला बेजबाबदारपणाचे वाटते.

इथे संदेशाच्या बाजूने एक गोष्ट सांगणे न्याय्य ठरेल. खांद्याची प्रत्येक शस्त्रक्रिया कफच्या दुरुस्तीची नसते. फ्रोझन शोल्डरमध्ये, म्हणजे खांदा जखडण्याच्या विकारात, सांध्याभोवतीचे आकसलेले आवरण मोकळे केले असेल तर हालचाल खरोखरच लगेच आणि रोज करावी लागते, कारण तिथे जपण्यासारखा नवा जोड नसतो आणि आवरण पुन्हा आकसण्याची भीती असते. कंडरा न जोडता केवळ हाडाचा घासणारा भाग तासला असेल, तरी स्लिंग काही दिवसांपुरतीच लागते. याउलट, वारंवार निखळणाऱ्या खांद्याच्या पुढच्या बाजूची दुरुस्ती केली असेल तर हात बाहेरच्या दिशेने वळवणे काही आठवडे मर्यादित ठेवतात. आणि रिव्हर्स पद्धतीने, म्हणजे गोल आणि खोबण यांच्या जागा उलट करून, कृत्रिम सांधा बसवला असेल तर पाठीमागे हात नेऊन सदरा खोचण्यासारखी साधी हालचालही सुरुवातीच्या काळात टाळायला सांगतात, कारण तीत नवा सांधा निखळू शकतो. एकाला तारणारा सल्ला दुसऱ्याला मारक ठरतो तो असा, आणि संदेशात शस्त्रक्रियेचे नावच नाही.

आता ‘जितके दुखेल तितका गुण’. ताणाची, सहन होण्याजोगी आणि व्यायाम थांबवल्यावर थोड्या वेळात शमणारी वेदना अपेक्षित असते. ती टाळत राहिल्यास हालचाल वाढत नाही, हे मान्यच आहे. पण तीव्र कळ, रात्रभर ठणकणारा खांदा किंवा दुसऱ्या दिवशी आदल्या दिवसापेक्षा कमी उचलला जाणारा हात, ही मात्रा जास्त झाल्याची लक्षणे आहेत. जबरदस्तीने हात रेटला की भोवतालचे स्नायू बचावासाठी घट्ट होतात, दाह वाढतो, आणि ज्या आखडण्याच्या भीतीने हे सारे केले तेच पदरी पडते. शिवाय वेदना ही जोडाची मोजपट्टीच नाही. पुन्हा फाटण्याच्या घटना बहुतेक पहिल्या तीन ते सहा महिन्यांत घडतात, आणि त्यांपैकी अनेक रुग्णांना ते वेगळे असे जाणवतही नाही. फाट केवळ सोनोग्राफीत किंवा एमआरआयमध्ये दिसते. वेदना कमी म्हणजे जोड भक्कम आणि वेदना जास्त म्हणजे प्रगती जोरात, ही दोन्ही अनुमाने त्यामुळे कोसळतात. रडत व्यायाम करणाऱ्या रुग्णाला शूर म्हणून शाबासकी देण्याऐवजी त्याच्या फिजिओथेरपिस्टला त्याच दिवशी ते कळवणे अधिक मायेचे आहे.

गोळ्यांविषयीचा दावा थोडक्यात निकालात निघतो. वेदना आटोक्यात असली तरच रुग्ण हात सैल सोडू शकतो आणि झोपू शकतो. म्हणूनच व्यायामापूर्वी गोळी घेण्याची वेळ जुळवून देतात. दाहविरोधी गटातील औषधांचा कंडरेच्या भरून येण्यावर परिणाम होतो का याविषयी मतभेद असल्याने काही शल्यचिकित्सक ती सुरुवातीला टाळतात, पण कोणती गोळी घ्यायची हा निर्णय त्यांचा आहे.

शेवटचा दावा, हात वर गेला म्हणजे काम संपले. हात पूर्ण वर जातो तेव्हा साधारण 180 अंशांपैकी 120 अंश खांद्याच्या सांध्यात आणि 60 अंश पाते छातीच्या पिंजऱ्यावर सरकल्याने मिळतात. कफ कमजोर असला तर रुग्ण पाते उचलून, मान आखडून आणि पाठीला बाक देऊन हात वर नेतो. आरशात समोरून पाहिले तर खांदा कानाकडे चढलेला दिसतो. अशा हाताची उंची पाहून व्यायाम सोडला तर दुखणे मानेत आणि पाठीत सरकते. पात्याचे नियंत्रण आणि कफची ताकद यांचे व्यायाम, रबरी पट्ट्याच्या हलक्या ओढीपासून, बहुधा 12 व्या आठवड्याच्या आसपास सुरू होतात, म्हणजे संदेशाने जिथे पूर्णविराम दिला त्याच सुमारास. जड कामे आणि डोक्यावरून हात फिरवण्याचे खेळ यांना सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ लागतो, आणि ताकद वर्षभर वाढत राहू शकते. वय, मधुमेह, धूम्रपान आणि मुळातल्या फाटीचा आकार यांवर हा काळ कमीजास्त होतो.

तोपर्यंत ताप, जखमेतून स्राव, अचानक ‘कट्’ असा आवाज होऊन गेलेली ताकद किंवा भूल उतरल्यानंतरही टिकलेला बधिरपणा यांपैकी काही आढळले तर पुढच्या भेटीची वाट पाहू नये. आणि शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्याच भेटीत शल्यचिकित्सकाकडून तीन गोष्टी लिहून घ्याव्यात : कोणती कंडरा किती फाटली होती, हात कोणत्या दिशेला किती अंशांपलीकडे न्यायचा नाही, आणि तो स्वतःच्या ताकदीने उचलायला कोणत्या आठवड्यापासून परवानगी आहे. हा कागद फिजिओथेरपिस्टच्या हाती दिल्याशिवाय खांद्याचा पहिला व्यायाम सुरू करू नये.