उणे तीसमधलं काचघर आणि काकांची गच्ची

गेल्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर काकांनी एक व्हिडिओ टाकला. दुपारपर्यंत तोच सोसायटीच्या ग्रुपवर आला, संध्याकाळी शाळेतल्या मित्रांच्या. खाली मेसेज: 'कॅनडात बाहेर उणे तीस, अंगणात बर्फ, आणि हा माणूस घरामागच्या काचघरात मासे आणि भाजी पिकवतो. वर्षभर! हीटर नाही, माशांच्या टाकीचीच ऊब पुरते. खत नाही, मासे फुकट, पाणी ९० टक्के कमी. त्यांना बर्फात जमतं तर सोलापूरच्या उन्हात आपल्याला का नाही?'

त्यावर काकांनी लिहिलं, 'गच्चीवर प्लास्टिक टाकून सुरू करू.' म्हणून हे लिहायला बसलो. सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात घरामागे हजार लिटरची टाकी, खडीचे दोन वाफे आणि चाळीस रोहू घेऊन मी हा उद्योग चार वर्षं करतोय. माझा मावसभाऊ, म्हणजे दादा, कॅनडातल्या कॅलगरीत हेच खरोखर बर्फात करतो. त्यामुळे दोन्हीकडची रड मला माहीत आहे.

मूळ गोष्ट खरी आहे, हे आधी सांगतो. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात, खडीवर वाढलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, भाजी ते घेते, आणि पाणी परत टाकीत जातं. याला अ‍ॅक्वापोनिक्स म्हणतात. त्यात जादू नाही आणि फसवणूकही नाही. फसवणूक मेसेजमध्ये आहे.

'हीटर नाही, टाकीचीच ऊब पुरते.' हिशेबच करू. दादाचं काचघर दहा बाय वीस फुटांचं. म्हणायला काचघर, प्रत्यक्षात दुहेरी पॉलिथिन आणि मधे ब्लोअरने भरलेली हवा. भिंती आणि छप्पर मिळून साधारण ६० चौरस मीटर. आत-बाहेर एका अंशाचा फरक असला, की अशा दुहेरी कागदाच्या दर चौरस मीटरमधून ४ वॅटच्या आसपास उष्णता निसटते. आत १५ अंश, बाहेर उणे २०, म्हणजे फरक ३५ अंशांचा. गुणाकार केला तर ८,४०० वॅट. बाथरूममधले चार गिझर सलग चालू ठेवल्यासारखं. डिसेंबरात तिथली रात्र सोळा तासांची. म्हणजे एका रात्रीत १३४ युनिट! आमच्या घराला महिन्याला एवढी वीज लागते.

आता टाकीची ऊब. २,००० लिटर पाणी पाच अंशांनी थंड झालं तर त्यातून साडेअकरा युनिटच्या आसपास उष्णता मिळते. या हिशेबाने टाकी दीड तासही तग धरत नाही, उरलेल्या रात्रीचं काय? शिवाय रात्रीतून पाणी पाच अंशांनी उतरलं तर मासे सकाळी खाद्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. टाकीमुळे तापमानाचे झटके थोडे कमी बसतात, एवढं तिचं काम. उष्णता तयार करणं तिच्याच्यानं होत नाही.

दादाला हे विचारलं तर तो हसला. 'अरे, दिवाळी झाली की मी काचघर बंद करतो. मासे तळघरात नेतो.' व्हिडिओत बर्फ दिसतो, तळघर दिसत नाही. बर्फाचं ओझं तर वेगळंच. फूटभर भुसभुशीत बर्फ पडला तरी तेवढ्या छपरावर पाचेकशे किलो वजन येतं, ओला असला तर त्याच्या दुप्पट-तिप्पट. पहाटे उठून झाडू मारावा लागतो.

'वर्षभर भाजी' हे ऐकायला गोड आहे. पण दिवस दहा तासांच्या खाली गेला, की ऊब कितीही द्या, पालेभाजीची वाढ जवळजवळ थांबते. कॅलगरीत नोव्हेंबरपासून फेब्रुवारी उजाडेपर्यंत तीच अवस्था; सगळ्यांत लहान दिवस जेमतेम आठ तासांचा, आणि भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सोळाएक अंश वर. आपल्याकडे त्याच दिवशी तो ४९ अंशांवर असतो आणि दिवस अकरा तासांचा. व्हिडिओ पुन्हा बघा. माणसाच्या मागे, कोपऱ्यात, जांभळट उजेड आहे. तो उजेड एलईडीचा. त्याचं बिल मेसेजमध्ये नाही.

थंड देशातली खरी युक्ती वेगळी आहे. तिथले शहाणे लोक चिलापी (तिलापिया) सोडून ट्राउट हा थंड पाण्यातला मासा पाळतात. पाणी दहा-पंधरा अंशांचं असलं तरी ट्राउट मजेत खातो, म्हणजे पाणी तापवायचा खर्च वाचतो. चिलापी तेवढ्या थंडीत खाणं सोडते आणि पाणी दहा-बारावर आलं की मरते. उलट पाणी पंचविशीला पोचलं की ट्राउट जातो. आपल्या मे महिन्यातल्या टाकीत त्याचं परस्पर कालवणच होईल.

'खत नाही.' माझ्या मेथीने याचं उत्तर पहिल्याच वर्षी दिलं. कोवळी पानं पिवळी पडली, शिरा मात्र हिरव्या. ही लोहाची कमतरता. माशांच्या खाद्यात लोह, पोटॅशियम आणि कॅल्शियम झाडाला पुरेल इतकं नसतं, त्यामुळे जगभर अ‍ॅक्वापोनिक्सवाले ते वरून घालतात. मी कृषी सेवा केंद्रातून चिलेटेड लोह आणलं, म्हणजे पाण्यात विरघळलेलं राहावं म्हणून दुसऱ्या रसायनात बांधलेलं; हे ईडीटीए नावाच्या रसायनातलं, आणि घातलं. काही फरक नाही. आमच्या बोअरचं पाणी क्षारांचं, पीएच ८.२, म्हणजे अल्कधर्मी; तिथे ईडीटीए टिकत नाही, ईडीडीएचए या दुसऱ्या रसायनातलं लोह लागतं. ते महाग. पालकाला तेच दिलं आणि आठवडाभरात रंग आला.

'मासे फुकट.' एक किलो मासा वाढायला दीड ते दोन किलो गोळी खाद्य जातं. बोटुकली (माशांची बोटाएवढी पिल्लं) विकत, खाद्य विकत, एअर पंपाची वीज विकत. साफ केल्यावर त्या किलोतलं निम्मं ताटात येतं. उजनीची चिलापी बाजारात स्वस्त मिळते. हिशेब इथेच संपतो.

पाण्याचा दावा मात्र मी सरसकट खोडणार नाही. उघड्या शेतात पाट सोडून पिकवलेल्या भाजीशी तुलना केली तर बचत मोठीच आहे, आणि चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या गावात तिची किंमत कळते. पण मे महिन्यात मी रोज तीन बादल्या पाणी भरतो. ऊन पाणी नेतं, क्षार मागे ठेवतं. त्यावर पुन्हा क्षाराचंच पाणी पडतं. मे संपेपर्यंत खडीवर पांढरी पुटं चढतात.

आता शेवटचा मुद्दा, ज्याच्यासाठी मेसेज इतका फिरला. 'उन्हात तर आणखी सोपं.' काचघर हे ऊब कोंडायचं साधन आहे. सोलापुरात मार्च ते मे ऊब कमी पडल्याची तक्रार मी तरी कुणाकडून ऐकलेली नाही. दहा अंशांच्या पाण्यात लिटरमागे ११ मिलिग्रॅमच्या वर प्राणवायू मावतो, ३४ अंशांच्या पाण्यात सात. आणि पाणी गरम झालं की माशाला प्राणवायू जास्त लागतो, कमी नाही. अमोनियाचंही तसंच. पीएच ७ आणि १५ अंशांच्या पाण्यात त्यातला जेवढा भाग विषारी रूपात असतो, त्याच्या पन्नासेक पट पीएच ८.२ आणि ३४ अंशांना असतो. टाकी तीच, मासे तेवढेच.

दोन वर्षांपूर्वी मेमध्ये रात्री तीनला लाईट गेली. पंख्याचा आवाज थांबला म्हणून मला जाग आली, एअर पंपाची घरघर थांबल्याचं लक्षातच आलं नाही. अंगणात जाऊन बॅटरी मारली तेव्हा सगळे रोहू पृष्ठभागाशी, तोंडं वर, आ वासून. बादलीने पाणी काढायचं आणि उंचावरून ओतायचं, हे मी आणि बायकोने दीड तास केलं. चाळीसातले एकोणीस वाचले. दुसऱ्या दिवशी इन्व्हर्टर आणला आणि टाकीवर हिरवी शेडनेट. प्लास्टिक नाही, शेडनेट.

म्हणजे सोलापुरात जमत नाही का? जमतं. दिवाळीनंतर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी बावीस ते सव्वीस अंश, मासे खातात, जिवाणू खूश, आणि जानेवारीतली गड्ड्याची जत्रा येईपर्यंत मेथी, पालक, कोथिंबीर घरची. काहीही तापवायचं नाही, झाकायचं नाही. गुढीपाडव्याला मी वाफे आटोपते घेतो, मोठे मासे खाऊन टाकतो, उरलेले सावलीत ठेवतो. दादाचा हंगाम त्यानंतर महिन्या-दीड महिन्याने उघडतो. आम्ही एकमेकांना फोनवर आपापली पानं दाखवतो, एकाच महिन्यात कधीच नाही.

हे सगळं मी काकांना समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, प्लास्टिकचा कागद कालच आणलाय, दुकानदार परत घेत नाही. मी म्हटलं, ठेवा. सुगीत शेंगा वाळत घातल्यावर पाऊस आला तर झाकायला होईल.