'घोड्यालाही रविवार हवा' म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार 'अश्वमित्र',

मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया पाच वेळा वाचली. पहिल्या वाचनात चहा गार झाला, पाचव्यात ओतून दिला. उत्तराला आठवडा लागला, कारण मध्ये घोडेस्वारीचा एक शो, म्हणजे स्पर्धा होती आणि शोच्या आठवड्यात मी कीबोर्डपाशी नसते. हे मुद्दाम सांगते आहे. "लेखिका खोगिरापेक्षा कीबोर्डवर जास्त बसलेली दिसते" हे तुमचंच वाक्य.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात: स्पर्धेच्या आदल्या दिवशी घोड्याला हलकं फिरवावं, आणि स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशीही त्याला तबेल्यात डांबून ठेवू नये, असं मी लिहिलं होतं. यावर यांचं म्हणणं असं की हा अघोरीपणा आहे, स्पर्धेच्या दोन दिवस आधीचा गॅलप, म्हणजे भरधाव दौड, चूक आहे, तापलेल्या घोड्यावर गार पाणी ओतणं चूक आहे, लेखातल्या फोटोत तंग (खोगीर बांधणारा पोटाखालचा पट्टा) सैल आहे, आणि शेवटी: "घोड्यालाही रविवार हवा, मॅडम."

तंग सैल आहे. मान्य. दोन भोकं सैल आहे आणि खाली मी 'स्वारीला तयार' असं लिहून बसले आहे. चूक माझी.

आता ते 'मॅडम'. पुण्यात 'मॅडम' दोन प्रकारे म्हणतात. एक बँकेत म्हणतात आणि एक तुम्ही म्हटलात तसं. वाक्याच्या शेवटी, स्वल्पविरामानंतर. त्या स्वल्पविरामात जे आहे ते मला नीट कळतं, तेहतीस वर्षं ऐकते आहे. माझं लहानपण कॅम्पात गेलं. पावसाळ्यात रेसकोर्सवर हंगाम सुरू झाला की मी पहाटे एम्प्रेस गार्डनच्या बाजूने सायकल दामटत कुंपणाशी जाऊन उभी राहायची. काम करून परतणाऱ्या घोड्यांच्या पाठीवरून पावसात वाफा निघत आणि सईस, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारे, त्यांना अर्धा-अर्धा तास नुसते चालवत असत. खोगिरावर बसायच्या आधी मी ते चालवणं शिकले. तेव्हा तुमच्या-माझ्याकडे कीबोर्ड नव्हते.

असो. रविवाराकडे येते.

गंमत अशी की घोड्याच्या रविवारावर वैद्यकशास्त्रात एक आजारच आहे. युरोपात घोडे गाड्या ओढत तेव्हा रविवारी त्यांना सुट्टी असे, पण चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, मात्र रोजच्याइतकीच. सोमवारी सकाळी गाडीला जुंपलं की काही घोडे थोड्या अंतरावर घामाघूम होऊन थिजत, मागचे पुठ्ठे (ढुंगणाचे स्नायू) दगडासारखे कडक, लघवी कॉफीच्या रंगाची. त्याला नावच पडलं 'मंडे मॉर्निंग डिसीज'. आज टाइंग-अप म्हणतात. स्नायू फुटतात, त्यांतलं रंगद्रव्य रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडांवर येऊन बसतं. तुमचा तो रविवार हाच.

हे मी वाचून सांगत नाही. 2004 साली माझ्याकडे एक कुमैत (तांबूस अंगाची, काळ्या आयाळीची) घोडी होती. रविवारी शो झाला, ती सुरेख खेळली, आणि मी लाडाने तिला दोन दिवस पूर्ण सुट्टी दिली. चंदी पूर्ण, वर गूळ. बुधवारी सकाळी खोगीर घातलं. दुडकीवर दहा मिनिटं झाली असतील, भिंतीपाशी ती थांबली. मी टाच मारली. (हो, मारली. लिहिते आहे.) ती हलेना. सईसकाका घमेलं टाकून धावत आले, तिच्या पुठ्ठ्यावर तळहात ठेवला आणि म्हणाले, "ताई, खाली उतरा आधी. आता एक पाऊल टाकू द्यायचं नाही." मी हात लावून पाहिला तर लाकडाचा ओंडका. थोड्या वेळाने ती मुतली, काळ्या चहासारखं. रात्रभर सलाईन, आणि पुढे दीड महिना खोगीर खुंटीवर. त्या दोन दिवसांत मी तिच्यावर तुमच्याइतकंच प्रेम करत होते.

तुम्ही म्हणाल, मग चंदी कमी करा आणि सुट्टी द्या. चंदी तर कमी करायचीच, काम नाही त्या दिवशी अर्धी किंवा त्याहून कमी, आणि गवत भरपूर. पण पायांचं काय? घोड्याच्या गुडघ्याखाली स्नायू जवळजवळ नसतातच, नुसती हाडं आणि टेंडन (स्नायू हाडाला बांधणारे दोर). खाली उतरलेलं रक्त वर ढकलण्याचं बरंचसं काम चालण्याने, खुरावर पडणाऱ्या भाराने होतं. उभा घोडा म्हणजे भरलेले पाय. आणि रोज राबणाऱ्या घोड्याला एकदम कोंडलं की आतडीही मंदावतात, लीद घट्ट होते, पोटशूळ उठतो. घोड्याला उलटी करता येत नाही. मग तो पोटदुखीने लोळतो. तुम्ही लिहिलं आहेत, "लोळू द्या बिचाऱ्याला एक दिवस." हे वाक्य एखाद्या सईसाला वाचून दाखवा.

म्हणून शोच्या दुसऱ्या दिवशी पहाटे माझं पहिलं काम टॉर्च घेऊन पायांपाशी बसणं. दोन्ही हातांनी एकाच वेळी दोन्ही पुढचे पाय, गुडघ्यापासून खाली घोट्यापर्यंत. एका हाताला दुसऱ्यापेक्षा ऊब लागली तर दिवसाचा सगळा बेत रद्द. नाही लागली तर नुसत्या दोराने वीस-पंचवीस मिनिटं चालवायचं, मग मोकळं सोडायचं. खोगीर नाही, स्वार नाही. याला तुम्ही अघोरी म्हणता. इव्हेंटिंगमध्ये, म्हणजे ड्रेसाज, क्रॉस-कंट्री (मोकळ्या रानातली अडथळ्यांची दौड) आणि उड्या अशा तीन भागांच्या स्पर्धेत, तर क्रॉस-कंट्रीच्या दुसऱ्या दिवशी घोडा पंच आणि पशुवैद्यांसमोर दुडकीने पळवून दाखवावा लागतो, आणि त्यात पास झाला तरच उड्यांच्या फेरीला जातो. 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये आपला घोडेस्वार फवाद मिर्झा याने त्या शेवटच्या फेरीपर्यंत मजल मारली, तेविसावा आला. रात्रभर ठाणबंद उभा ठेवलेला घोडा सकाळी कसा पळतो ते तुम्हीच एकदा करून पाहा.

गार पाण्याचं म्हणाल तर तो समज जुना आहे. 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकच्या उन्हाची काळजी म्हणून त्यावर भरपूर काम झालं, आणि तेव्हापासून तापलेल्या घोड्यावर गार पाणी ओतत राहणं हीच रीत आहे.

गॅलपबद्दल तुम्ही लिहिलंत की स्नायूंतलं ग्लायकोजेन (साठवलेली साखर) भरून यायला घोड्याला 48 ते 72 तास लागतात, म्हणून रविवारच्या शोसाठी शुक्रवारचा गॅलप नको. आकडे बरोबर आहेत. पण माझा घोडा शो जंपिंगचा (अडथळ्यांवरून उड्यांचा), त्याची फेरी दीड मिनिटाची. दोन दिवस की तीन, यावर पुन्हा कधीतरी लिहीन. हेच तुम्ही नीट विचारलं असतंत तर आज लिहिलं असतं.

पुढच्या वेळी नाव लिहा. आडनाव नसलं तरी चालेल. फोटो आज संध्याकाळी बदलला आहे, तंग बघून घ्या.