रजिस्टर नाही म्हणून हक्क नाही असं नाही

तुमच्या लेखात म्हटलंय की धंद्याचं नाव ट्रेडमार्क म्हणून रजिस्टर नसेल तर गावातल्या सोडावाल्याने नक्कल करणाऱ्याविरुद्ध काही करताच येत नाही, हे पटलं नाही सर. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याचं कलम २७ बघा, रजिस्टर नसलेल्या मार्कसाठी उल्लंघनाचा दावा नाही हे खरं, पण त्याच कलमात पासिंग ऑफचा, म्हणजे आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवणाऱ्याविरुद्ध दाद मागायचा, हक्क शाबूत ठेवलाय.

आमच्या अमळनेरकडे लग्नसराईत काय चालतं ते येऊन बघा, नकली सोड्याच्या बाटलीला तीच हिरवी टोपी, तसंच पिवळं लेबल, नावात फक्त एक काना जास्त, आणि बर्फाच्या पाण्यात बुडून लेबल निम्मं सुटलेलं असतं, मग शेतातून आलेली म्हातारी माय टोपीचा रंग बघूनच बाटली उचलणार ना! कॅडिला नावाच्या दोन औषध कंपन्यांच्या केसमध्ये (२००१) सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलंय की घेणारा कोण, किती शिकलेला, खेड्यातला की कसा हे बघा.

अर्थात प्रत्येक वेळी जिंकता येतं असं नाही. २०२५ मध्ये ब्लेंडर्स प्राइड व्हिस्कीवाल्यांना लंडन प्राइड व्हिस्कीविरुद्ध सुप्रीम कोर्टातून मनाई हुकूम मिळाला नाही, प्राइड हा शब्द कोणा एकाचा नाही असं कोर्ट म्हणालं, आणि ते मला बरोबरच वाटतं.

पण आपल्या छोट्या धंदेवाल्यांचा घात होतो तो पुराव्यात. जुनी बिलं, लेबल छापल्याच्या पावत्या, यात्रेतल्या स्टॉलचे फोटो काहीच ठेवत नाहीत, मग नाव आधीपासून आपलंच चालतंय हे कोर्टात दाखवणार कशावरून? पुढच्या लेखात यावर लिहा ना.