परंपरा वाचवायची आहे? मग कायद्याचं स्वागत करा

बायकांबद्दलच्या एखाद्या जुन्या चालीवर बंदीचा कायदा झाला म्हणून लगेच हातपाय गाळू नका. घरच्या बायकांचं हित कशात आहे हे पिढ्यान्‌पिढ्या आपणच ठरवत आलो, ते चार छापील पानांनी बदलतं की काय? इतिहास आपल्या बाजूनं आहे. निदान बराचसा.

कायद्याविरुद्ध मोर्चे काढणं हा नवख्यांचा मार्ग. जाणते लोक मसुद्यात शिरतात. १८५६ चा विधवा पुनर्विवाहाचा कायदा काढून वाचा. पहिलं कलम विधवेच्या लग्नाला मान्यता देतं. दुसरं म्हणतं, लग्न केलं की पहिल्या नवऱ्याकडून आलेल्या मालमत्तेवरचा तिचा हक्क संपला, जणू ती त्याच वेळी मेली. मी रंगवून सांगत नाही, कायद्याचीच भाषा आहे. सुधारकांना कायदा मिळाला, दिरांना जमीन. आणि मौज पुढेच आहे. ज्या जातींत विधवेचा पाट लावायची चाल आधीपासून होती, तिथल्या बायकांना ह्या कायद्याची गरजच नव्हती; पण मुंबईच्या हायकोर्टानं पुढे हे कलम त्यांनाही लावलं. सुधारणा यावी तर अशी.

त्याहून जुना धडा बंगालचा. १८१३ मध्ये कंपनी सरकारनं सतीवर बंदी न घालता नियम घातले: बाई स्वखुशीनं जातेय ना, गरोदर नाही ना, वयात आलेली आहे ना, हे अधिकाऱ्यानं पाहायचं. बंगाल इलाख्यात १८१५ साली ३७८ सतींची नोंद झाली, १८१८ साली ८३९. नोंदी नीट होऊ लागल्या, कॉलराची साथ होती, वगैरे कारणं इतिहासकार देतात, देऊ देत. चितेशेजारी सरकारी माणूस उभा राहिला की चितेला सरकारी मान्यता आली, एवढं लोकांना बरोबर कळलं. म्हणून बंदीची चर्चा निघाली की आपण सभ्यपणे ‘नियमन’ सुचवावं. १८२९ साली गव्हर्नर जनरल बेंटिंकनं सरळ बंदीच घातली. असे हट्टी लोक अधूनमधून निघायचेच.

बंदी टळत नसेल तर मुदत मागा. बालविवाहाचा सारडा कायदा सप्टेंबर १९२९ मध्ये झाला आणि १ एप्रिल १९३० पासून लागू झाला. मधल्या सहा महिन्यांत देशभर लग्नांची अशी झुंबड उडाली की १९३१ च्या जनगणनेतही ती दिसली. लागू झाल्यावरही तक्रार करायची सामान्य माणसानं, पोलिसांनी आपणहून नाही. आणि कोर्ट त्याच्याकडून शंभर रुपयांपर्यंतची हमी मागू शकत होतं. शेजाऱ्याच्या मुलीसाठी एवढा खर्च कोण करतो?

हुंड्याबद्दल तुम्हाला मी काय शिकवणार! १९६१ पासून देणारा आणि घेणारा दोघेही गुन्हेगार, म्हणजे दोघांनाही गप्प बसायला कारण. तक्रार करणाऱ्या पीडितेला पुढे संरक्षण मिळालं खरं, पण ते मांडवात कोण सांगत बसतं? भेटवस्तूंची यादी करून वधूवरांनी सही करायची असा १९८५ चा नियम आहे. तो पाळू नका. पुरावा आपणच कशाला तयार करायचा? ‘आम्हाला काही नको, तुमच्या मुलीला काय घालायचं ते घाला’ एवढं म्हणून थांबायचं. पुढचं मुलीकडच्यांना समजतं.

बाहेरच्या देशांत मंडळींनी आणखी कल्पकता दाखवली आहे. इजिप्तमध्ये २००८ साली मुलींच्या सुंतेवर, म्हणजे त्यांच्या जननेंद्रियाचा भाग कापण्यावर, बंदी आली, तेव्हा दाईच्या जागी डॉक्टर आधीच रुजू झाले होते. पांढरा कोट, निर्जंतुक ब्लेड, आणि वर ‘वैद्यकीय कारण’. बुर्किना फासोनं १९९६ मध्ये बंदी घातली; शेजारच्या मालीत तसा कायदा नाही, म्हणून काहींनी मुलींना सीमेपलीकडे नेलं. आवड असली की सवड मिळते.

आता धोक्याचं बोलू. कायद्यापेक्षा एका गोष्टीला फार जपा: शेजाऱ्यांनी एकत्र बसून ठरवू नये. चीनमध्ये मुलींची पावलं लहान राहावीत म्हणून ती घट्ट बांधण्यावर फर्मानं निघाली, १९१२ ची बंदीही आली. पण घात केला तो शपथ घेणाऱ्या मंडळ्यांनी. आपल्या मुलींची पावलं बांधणार नाही, आणि बांधलेल्या पावलांची सून घरात आणणार नाही, अशी दुहेरी शपथ. सगळी भीती ‘मग हिच्याशी लग्न कोण करणार’ हीच होती, तीच निघून गेली. सेनेगलमध्येही मालिकुंडा बांबारा गावानं १९९७ साली सुंता सोडल्याचं चारचौघांत जाहीर केलं, कायदा १९९९ मध्ये आला. लोकांनी आधी ठरवलं आणि मागून कायदा आला, तर आपण कुठल्या फटीत शिरायचं?

झोपलेला कायदा कुणाला त्रास देत नाही. गांबियात सुंतेवरची २०१५ ची बंदी आठ वर्षं अशीच पडून होती. २०२३ मध्ये तीन बायकांना शिक्षा झाली, एका धर्मगुरूनं त्यांचा दंडही भरून टाकला, आणि पाठोपाठ बंदी उठवण्याचं विधेयक आलं. मार्च २०२४ मध्ये ४२ विरुद्ध ४ मतांनी ते पुढे सरकलं. आपल्या माणसांची चूक एवढीच, की त्यांनी ते समितीकडे जाऊ दिलं. समितीपुढे डॉक्टर बोलले, आणि ज्यांच्यावर ब्लेड चाललं होतं त्या बायकाही बोलल्या. जुलैत विधेयक पडलं. तेव्हा तुमच्यावर तशी वेळ आली तर समिती नेमू नका. त्याच बैठकीत हात वर करून मोकळे व्हा.